सुनावणी

पहिलं पत्र नोव्हेंबरात आलं,
बर्फ ढकलणाऱ्या गाडीनं आमची टपालपेटी
आडवी केली त्याच आठवड्यात.
पहिल्या ओळीत सेवेबद्दल आभार.
गुडघ्याचे तीस टक्के, पाठीचे वीस,
मिळून चाळीस. त्यांचे पाढे वेगळे आहेत.
कानांचे आणि डोक्यातल्या त्या शिट्टीचे शून्य:
सेवेशी संबंध सिद्ध होत नाही.

मी ते रेनोच्या उजव्या कानाशी वाचलं.
डावा आता नुसता टोपी अडकवायला.
त्याला काय ऐकू आलं कोण जाणे,
"बरं झालं" म्हणाला, आणि चुलीत लाकूड सारायला उठला.

सरकारी काम अन् सहा महिने थांब,
असं ज्यानं म्हटलं त्याचं नशीब थोर.
आम्ही एकतीस महिने थांबलो.
मध्यंतरी गावानं त्याला बर्फाच्या गाडीवरून उतरवलं,
मागे येताना गाडी जे पिप् पिप् करते
ते त्याला ऐकू येईना म्हणून,
आणि मिठाच्या शेडमध्ये फावडं दिलं.
मिठाला आवाज नसतो.

टोगसला जायला पाच तास. पहाटे निघालो.
वाटेत दोन मूस, सांबराच्या दुप्पट,
रस्त्यात उभे, जागचे हलेनात.
रेनोनं हॉर्न दाबून धरला.
"वाजतोय ना?" त्यानं विचारलं.

न्यायाधीश बाई पडद्यावर होत्या, दुसऱ्या कुठल्या शहरात.
ओठ आधी हलत, शब्द मागून येत,
म्हणजे ओठ वाचायची त्याची विद्याही गेली वाया.
मला बोलायची परवानगी नव्हती.
मी मांडीवरची फाइल धरून बसले,
बियाण्याच्या गोणीच्या सुतळीनं बांधलेली.

बाईंनी एक कागद वर धरला.
त्या दिवशीची नोंदवही, रमादीच्या रस्त्यावरची:
*०६४० वाजता स्फोट. एक ट्रक निकामी.
जखमी कोणी नाही. सर्व ठीक.*
"हे अक्षर कुणाचं, मिस्टर पेलटिये?"

हे त्याला ऐकू आलं.
सकाळपासून एवढंच नीट ऐकू आलं.
"माझं," तो म्हणाला.

मी ते अक्षर ओळखते.
त्याच अक्षरात त्यानं मला तिकडून लिहिलं होतं,
जेवण बरं आहे, झोप लागते.
त्याच अक्षरात फ्रीजवर लिहितो, दूध संपलं.
स, आडवा पडल्यासारखा.

"मग आज आपण म्हणता ते खरं, की त्या दिवशी लिहिलं ते?"

तो बराच वेळ गप्प राहिला.
बाईंना वाटलं असेल, ऐकू आलं नाही.
त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्यानं, तोडून तोडून,
जसं पोरांना विचारतात.
"मॅडम," तो म्हणाला, "मागे अकरा गाड्या होत्या.
मी जखमी लिहिलं असतं तर कुणीतरी
माझ्या जागी बसला असता.
बसायला उरला होता तो ओसग्रूड. एकोणीस वर्षांचा."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.
पेनाचा आवाज मला आला.

परतताना बँगोरपाशी कॉफी घेतली.
"ओसग्रूडचं पत्र जोडायला हवं होतं," मी म्हटलं.
"तो कुठे आहे आता?"
रेनोनं खिडकीबाहेर पाहिलं.
ऐकू आलं नाही, की आलं,
सतरा वर्षांच्या संसारात
हे मला अजून ओळखता येत नाही.

काल दुसरा लिफाफा आला. जाड.
नकार नाही, मंजुरीही नाही:
प्रकरण फेरतपासणीसाठी परत.
नवा डॉक्टर, नवा फॉर्म, मुदत नव्वद दिवस.
मी ओट्यावर उभी राहून दोनदा वाचलं.

शेडमधून त्यानं ओरडून विचारलं,
त्याला वाटतं तेवढं मोठं ओरडावंच लागतं,
"काही आलंय का?"

मी दारात गेले, त्याला दिसावं म्हणून
अंगठा वर केला,
आणि तोंड नीट उघडून, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं,
सर्व ठीक.